इंचभराची चिमणी, भरतकामाच्या दोऱ्यातून

प्रश्न: चार वर्षं लोकरीची अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाने विणून आत भराव घातलेली खेळणी करते आहे. आता भाचीच्या रुखवतात फांदीवर बसवायला भरतकामाच्या दोऱ्याच्या इंचभर चिमण्या करायच्या आहेत. लोकरीच्या पक्ष्याचाच नमुना घेतला, ०.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई आणली आणि लडी तशीच्या तशी विणायला घेतली. दोरा फुटतो, आतला कापूस बाहेर डोकावतो आणि झाल्यावर चिमणीऐवजी बटाटा दिसतो. कुठे चुकतंय?

बटाट्यापासूनच सुरुवात करते. दोरा फुटणं आणि कापूस दिसणं या हाताच्या गोष्टी आहेत, आठ-पंधरा दिवसांत सुटतील. बटाटा मात्र तुमच्या नमुन्यातूनच येतोय, तो कितीही सरावाने जाणार नाही.

लोकरीच्या बहुतेक नमुन्यांत पक्षी म्हणजे एक चेंडू असतो, आणि त्याला चोच, पंख, शेपटी शिवलेली असते. चेंडू दहा सेंटिमीटरचा असला की हे चालतं. चोच ठळक असते, डोळे टपोरे असतात, बघणारा त्यावरून ओळखतो. इंचभराच्या चिमणीची चोच म्हणजे एका पदराचे, म्हणजे लडीतल्या एका सुट्या धाग्याचे, पाच-सहा टाके. हातभर अंतरावरून ती नीट दिसतही नाही. दिसते ती बाहेरची रेघ: डोकं कुठे संपलं, छाती किती पुढे आली, पाठ कशी उतरली, शेपटी कुठून निघाली. म्हणून आकार विणीतच यायला हवा. मी चोच-डोळे लावायच्या आधी पक्षी खिडकीसमोर उजेडाकडे धरते. नुसती काळी सावली चिमणीची वाटली तर पुढे जाते, नाहीतर तो सरळ पिनांची उशी होतो. माझ्याकडे अशा बऱ्याच उश्या आहेत.

६० टाक्यांच्या फेरीत एक टाका इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. १८ च्या फेरीत तो एक टाका घेराचा अठरावा भाग असतो, आणि तो कुठे पडला यावर छाती की ढेरी हे ठरतं. वाढ (एका टाक्यात दोन टाके) सहा ठिकाणी सारखी वाटली की गोलच होणार. चिमणीला पाठ वेगळी आणि पोट वेगळं हवं. पुढे जो नमुना देते त्याचं मर्म एवढंच आहे की पाठीचे टाके मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत तेवढेच राहतात आणि सगळी वाढ-घट पोटाच्या बाजूला होते.

त्याआधी दोरा. आपल्याकडे मिळणारी अँकर किंवा डीएमसीची लडी ८ मीटरची असते आणि तिच्यात ६ पदर असतात. प्रत्येक पदर दोन धाग्यांच्या चांगल्या घट्ट पिळाचा, पण हे सहा पदर एकमेकांशी पिळलेले नसतात, नुसते शेजारी शेजारी असतात. भरतकाम करणारीला हवे तेवढे पदर सुटे करता यावेत म्हणून ते तसे ठेवलेले असतात. तिची ती सोय आपल्याला नडते, कारण सुईचं तोंड दोन पदरांच्या फटीत घुसतं. तुम्ही तर सहाही पदर ०.५ च्या सुईने ओढताय. त्या सुईच्या खाचेत सहा पदर मावतच नाहीत. दोन-तीन पदर खाचेत येतात, उरलेले बाहेर राहतात आणि त्यालाच आपण दोरा फुटला म्हणतो.

माझ्या हाताला सहा पदरांना १.५ मिलिमीटरची सुई लागते, तीन पदरांना १.०, दोन पदरांना ०.७५ आणि एका पदराला ०.५ किंवा ०.६. दोन पदर आणि ०.७५ ची सुई धरली तर एक मुका खांब, म्हणजे क्रोशाचा साधा बुटका टाका, साधारण १.२ मिलिमीटर रुंद येतो. म्हणजे २४ टाक्यांचा घेर २९ मिलिमीटर आणि पक्ष्याची जाडी ९ मिलिमीटरच्या आसपास. तेच २४ टाके सहा पदरांनी विणले तर जाडी सुमारे १७ मिलिमीटर होते. इंचाच्या चिमणीला म्हणूनच दोन पदर. तुमचा हात सैल असेल तर एक नंबर बारीक सुई घ्या. सुई घेताना मात्र मिलिमीटरच विचारा. स्टीलच्या बारीक सुयांत नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते आणि दोन कंपन्यांचे नंबर जुळतीलच असं नाही. दुकानदाराने दिलेला नंबर बघून मी एकदा चक्क दुप्पट जाड सुई घरी आणली होती.

लडी मधोमध कापा. ४ मीटरचे दोन तुकडे होतील, प्रत्येकातून दोन-दोन पदरांच्या तीन जोड्या निघतील आणि एका जोडीत एक चिमणी आरामात होते. एका लडीच्या सहा चिमण्या. पदर सोडवताना दोन पदर एकदम ओढू नका, गुंता होतो. एकच पदर चिमटीत धरून सरळ वर ओढायचा, बाकीचे खाली गोळा होतात, मग झटकले की मोकळे होतात. ४ मीटर लांबी असल्यामुळे घरातल्या कुणाला तरी दुसरं टोक धरायला बसवा. सुटे केलेले दोन पदर ओल्या बोटांतून एकदा काढून पुन्हा शेजारी शेजारी लावले की कुरळेपणा जातो आणि ते एकजीव चालतात. कार्डाच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा. काहीजणी मेण लावतात. मी लावत नाही, कारण मेणाने दोरा राठ होतो आणि फिकट रंगावर धूळ बसते.

विणताना दोऱ्याचा पीळ थोडा थोडा सुटत जातो, हे बारीक कामात फार जाणवतं. तीन-चार फेऱ्या झाल्या की विणकाम दोऱ्याला लटकतं सोडा, ते स्वतःभोवती गिरक्या घेईल आणि पीळ जागेवर येईल. पहिला पक्षी भरतकामाच्या दोऱ्याचाच हवा असा हट्ट नसेल तर ८ नंबरच्या पर्ल कॉटनवर हात बसवून घ्या. तो एकसंध पिळलेला असतो, फुटत नाही. तो थोडा जाड पडेल, सुई १.० ची घ्या. चकाकणारा रेयॉनचा दोरा मात्र सुरुवातीला अजिबात नको, गाठसुद्धा सुटते.

आता कापूस दिसण्याबद्दल. मुका खांब विणताना दुसऱ्यांदा दोरा घेतो तेव्हा नाही, अगदी पहिल्यांदा, म्हणजे टाक्यात सुई घालून दोरा ओढतो तेव्हा काय करता ते बघा. बहुतेकजणी दोरा सुईवरून घेतात, त्याने टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. तिथे दोरा सुईच्या खालून, म्हणजे सुई दोऱ्यावर दाबून ओढा. टाका फुलीसारखा येतो, बुटका होतो आणि वीण घट्ट बसते. याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. गोल गोल विणताना टाके एकावर एक सरळ चढत नाहीत. उजव्या हाताने विणणारीचे टाके उजवीकडे कलत जातात. लोकरीच्या चेंडूत कोण बघतंय? आपल्या चिमणीत १७-१८ फेऱ्या आहेत, दर तीन-चार फेऱ्यांनी एक टाका सरकला तर छाती कुशीवर जाते. फुलीच्या टाक्याने हे सरकणं बरंच कमी होतं. तरी पाठीच्या मध्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण घालत चला, आणि ती उजवीकडे सरकलेली दिसली तर एक साधा टाका जास्त घेऊन फेरीची सुरुवात डावीकडे ओढा.

आत भरायला कापूस नको. मी त्याच रंगाच्या दोऱ्यांचे उरलेले तुकडे बारीक कापून भरते. फटीतून दिसले तरी रंग तोच, त्यामुळे दिसत नाहीत. सुरुवातीचं आणि मधल्या जोडाचं टोक आतच सोडून द्यायचं, तेही भरावच. दाताने दोरा तोडायची सवय असेल तर सोडा. चिमणीच्या दातांनी गोळी फोडून वाटायची, दोरा नाही. ओलं, पिंजलेलं टोक पुन्हा सुईत ओवताना निम्मा वेळ जातो.

तर नमुना. सगळे मुके खांब, दोन पदर, ०.७५ ची सुई, वरून खाली डोक्यापासून. लोकरीसाठी आपण सुरुवातीला जादूची रिंग, म्हणजे ओढून आवळायचा फास करतो, ती इथे टाळा, मऊ दोऱ्याची ती नीट आवळत नाही. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत ६ खांब घ्या, एवढ्या बारीक कामात मधलं भोक दिसत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरीत एक साधा, एक वाढ असं सहा वेळा, १८. मग तीन फेऱ्या वाढ-घट न करता १८ च्याच. इथे डोकं झालं. चिमणीला मान जवळजवळ नसते, म्हणून सातव्या फेरीत फक्त थोडी घट: चार साधे, एक घट, असं तीन वेळा, १५ टाके. घट करताना दोन टाक्यांचे फक्त पुढचे धागे उचलून एकत्र विणा, फुगवटा येत नाही. मानेशी आलात की डोकं भरून घ्या, आणि चांगलं कडक भरा. मागाहून मानेतून काही आत जात नाही.

इथून फेरीची सुरुवात म्हणजे पाठीचा मध्य धरा. पहिले ४ आणि शेवटचे ४ टाके पाठीचे, त्यांना हात लावायचा नाही. आठव्या फेरीत ४ साधे, मग पोटाच्या ७ टाक्यांवर एक वाढ-एक साधा असं तीन वेळा आणि सातव्यात पुन्हा वाढ, मग ४ साधे: १९. नवव्या फेरीत ४ साधे, पोटाच्या ११ टाक्यांवर एक साधा-एक वाढ असं पाच वेळा आणि एक साधा, मग ४ साधे: २४. छाती लगेच पुढे आलेली दिसेल. लगेच म्हणजे दोन फेऱ्यांत, आणि ते तसंच हवं. हीच वाढ चार फेऱ्यांत सावकाश केलीत तर चिमणीची बदक होते. मग २४ च्या तीन साध्या फेऱ्या.

तेराव्या फेरीपासून घट, तीही पोटावरच. ४ साधे, पोटाच्या १६ वर दोन साधे-एक घट असं चार वेळा, ४ साधे: २०. चौदावी: ४ साधे, पोटाच्या १२ वर एक साधा-एक घट चार वेळा, ४ साधे: १६. आता थांबून छाती भरा. पुढून कडक, पाठीकडे अगदी हलकं. बोथट सुईच्या टोकाने किंवा टूथपिकने भराव पुढे ढकला, पाठ फुगली की सगळी मेहनत वाया. पंधरावी: ४ साधे, पोटाच्या ८ वर सलग चार घटी, ४ साधे: १२. सगळी घट पुढून आल्यामुळे उघडं तोंड आपोआप मागे, शेपटीच्या जागी सरकलेलं दिसेल. सोळावी १२ साधे. सतरावी एक साधा-एक घट चार वेळा: ८.

या ८ टाक्यांच्या फेरीत तुम्ही पाठीच्या मध्यावर उभ्या आहात. शेपटी आडवी यायला हवी, म्हणून आणखी २ टाके विणून कडेला या, मग तोंड चपटं दाबून दोन्ही थरांतून मिळून ४ मुके खांब घाला. तिथून उलट-सुलट ४-४ टाक्यांच्या ६ ओळी. हे दोन टाके विसरलात तर शेपटी माशासारखी उभी लागते. मी विसरले आहे, आणि विकलाही आहे तो पक्षी, घेणाऱ्याला आवडला म्हणून.

पंखांसाठी ७ साखळ्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, पुढच्यात अर्धा खांब, पुढच्या तिन्हींत एकेक खांब, शेवटच्या साखळीत तीन अर्धे खांब घेऊन वळा आणि साखळीच्या दुसऱ्या कडेवर तेच उलट्या क्रमाने. असे दोन. लावताना फक्त खांद्याकडची गोल कड आणि वरची बाजू शिवा, टोकं मोकळी ठेवा आणि ती शेपटीच्या मुळावर जवळ येऊ द्या. पूर्ण शिवलेला पंख ठिगळासारखा दिसतो.

रंगाच्या बाबतीत भरतकामाचा दोरा लोकरीपेक्षा कितीतरी उदार आहे. पदर सुटे होतात म्हणून दोन वेगळ्या रंगांचे पदर जोडून विणता येतं. चिमणीची पाठ एकरंगी तपकिरी नसते, तिच्यावर रेघा असतात. त्या एकेक भरत बसण्यापेक्षा एक पदर डीएमसी ४३३, म्हणजे मध्यम तपकिरी, आणि एक पदर ४३७, फिकट बदामी, असे मिळून विणा. विणीत आपोआप ठिपके-रेघा येतात, आणि दोन चिमण्या कधी सारख्या होत नाहीत. पंखांना ४३३ बरोबर ३३७१, तो जवळजवळ काळा तपकिरी. पोटाला ७३९ चे दोन पदर. आठव्या फेरीपासून पाठीचे आठ टाके मिश्र रंगात आणि पोटाचे ७३९ मध्ये विणायचे, न लागणारा दोरा आतल्या बाजूने सैल सोडायचा. तो ओढलात तर छाती आत जाते. पहिल्या चिमणीला हे करू नका, सगळी मिश्र रंगात विणा आणि पोटावर नंतर सुईने ७३९ च्या एका पदराचे उभे टाके भरा. भरतकाम येत असेल तर हे जास्त छानच दिसतं.

स्वस्तातल्या बिननावाच्या लडीबद्दल एक अनुभव. मी लाल मुनियांची एक जोडी केली होती, लाल दोरा बाजारातल्या सुट्या लडीचा. शेपट्या ताठ करायला फेव्हिकॉलचं पाणी लावलं आणि सकाळी पांढरे ठिपके गुलाबी झालेले. तेव्हापासून कुठलाही गडद दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघते. ताठ करण्यासाठी एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, आणि तेही फक्त शेपटीला आणि चोचीला, अंगाला लावलं की चकाकतं. आमच्या मावशी तोरणाला आणि रुमालांना साबुदाण्याची खळ लावायच्या, ती रुखवतातल्या चिमणीला लावू नका. रुखवत मांडलेलं असतं तिथे शेजारी लाडूंचं ताट असतं, मुंग्यांना आणखी आमंत्रण कशाला!

डोळ्यांच्या जागा टाके मोजून ठरवू नका. डोकं चारी बाजूंनी सारखंच आहे, ते मुद्दाम तसं ठेवलंय: छाती जिकडे आली तिकडे तोंड. काळ्या दोन पदरांची फ्रेंच गाठ (सुईवर दोरा गुंडाळून घालायची), एकच वेढा. डोळे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खाली आणि बाजूला असतात, डोक्याच्या निम्म्या उंचीवर, चोचीच्या रेषेच्या जरासे वर. समोर आणले की घुबड होतं. १५ नंबरचा काळा मणीही चालतो, दीड मिलिमीटरचा असतो, पण लहान मूल हात लावणार असेल तर गाठच बरी. चोच म्हणजे एका पदराचे एकाच जागी पाच-सहा टाके, टोकाकडे निमुळते, वर फेव्हिकॉलच्या पाण्याचा एक थेंब आणि ओलं असतानाच चिमटीने टोक. चिमणीची चोच दाणे फोडणारी, आखूड आणि जाड. लांब बारीक केलीत तर शिंजीर दिसेल.

पाय करू नका. फांदीवर पिसं फुलवून बसलेल्या चिमणीचे पाय बहुतेक झाकलेच जातात, पोट फांदीला दोन टाक्यांनी शिवा. उभीच हवी असेल तर ०.३ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर एक पदर गुंडाळून, तीन बोटं पुढे आणि एक मागे.

वेळ विचाराल तर आता मला एका चिमणीला तीन तास लागतात, सुरुवातीला दोन दिवस लागायचे. गडद दोरा दिवसाउजेडीच विणा, मांडीवर पांढरं फडकं घेऊन; फिकट दोऱ्याला गडद फडकं. सुईच्या दांड्यावर पेन्सिलीची रबरी पकड चढवली तर अंगठा दुखत नाही. अर्ध्या तासाने उठायचं. चुकलं तर दोनदा उसवा, त्याहून जास्त नाही; तिसऱ्या वेळेपर्यंत दोरा पिंजून निघतो आणि त्याची चिमणी केसाळ दिसते.

मी नाशिकची. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस आमच्या गावच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने सुरू केलेला, २०१० पासूनचा. त्यामुळे फेब्रुवारी लागला की माझ्याकडे चिमण्यांची मागणी सुरू होते, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "एवढ्याशा चिमणीचे एवढे पैसे?" मी त्यांना सुई हातात देते.

रुखवतात जोडी ठेवायची असेल तर एक चिमणा करा. अंग हेच, रंग वेगळे: डोक्याच्या पहिल्या तीन फेऱ्या करड्या, ४१४ चे दोन पदर. डोळ्याच्या मागून मानेपर्यंत ४३३ चा पट्टा, गालावर पांढरट ७३९. आणि चोचीखाली, गळ्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत ३१० चा काळा डाग, एका पदराच्या आखूड-लांब टाक्यांनी, कडा एकसारखी न ठेवता. हा डाग सगळ्यात शेवटी भरा, कारण काळ्या दोऱ्याचं पिंजण ७३९ वर बसलं की निघत नाही.